पाळी चुकली? आधी तपासा, मग ठरवा



धाकटं लेकरू नऊ महिन्यांचं, अजून अंगावर पितं. पाळी परत सुरू झाली होती, पण या खेपेला तारीख उलटून दहा दिवस झाले. सासूबाई म्हणतात, "पाजतेस ना, मग काही नाही." यावर विसंबू नका. मूल सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर, आणि पाळी अजून आलेली नाही, हे तिन्ही असेल तरच दुधाचा भरवसा.

आशाताईंकडून 'निश्चय' किट मागून घ्या. पैसे पडत नाहीत. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात धरा. किटवर लिहिलेले तेवढे थेंब पट्टीच्या खळग्यात टाका आणि पाच मिनिटं थांबा. दोन रेघा उमटल्या तर दिवस गेले, दुसरी रेघ फिकी असली तरी! 'सी' अक्षरापाशी एकच रेघ आली तर बहुधा दिवस नाहीत; पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा तपासा. 'सी'पाशी रेघच नसेल तर ती किट बाद.

मूल हवं असेल तर लगेच, १२ आठवड्यांच्या आत, नर्सबाईंकडे नाव नोंदवा.

आत्ता नको असेल तर तेही मोकळेपणी सांगा. १९७१ च्या कायद्याने सरकारमान्य ठिकाणी डॉक्टरांकडून गर्भपात करून घेता येतो. साधन फसून दिवस गेले, हे कारणही कायद्याला मान्य आहे. बाईचं वय १८ पूर्ण असेल तर तिची एकटीची संमती पुरते. नाव गुप्त राहतं. दादा, तुमची सही लागत नाही, तरी दवाखान्यात सोबत जा. तान्ह्याला कोण धरणार?

मात्र विचारात महिना घालवू नका. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. दर २८ दिवसांनी पाळी येणारीला दहा दिवस वर गेले, म्हणजे साडेपाच आठवडे झालेच. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच होतो. त्या गोळ्याही डॉक्टरांनी तपासूनच घ्यायच्या. दुकानातून परस्पर आणू नका. काडी घालणाऱ्या बाईकडे तर मुळीच जाऊ नका. त्यात बायका जिवानिशी गेल्या आहेत. मुलगा की मुलगी हे पाहणं आणि सांगणं गुन्हा आहे.

पिशवी साफ करून घेतली आणि डॉक्टरांनी ठीक म्हटलं, तर तांबी त्याच वेळी बसवता येते. त्याबद्दल आधीच विचारून ठेवा. किटवर एकच रेघ आली असेल, तरी पुढच्या पाळीची वाट न पाहता नर्सबाईंना साधनाचं विचारा.