दहावीनंतरचे शिक्षण आणि अर्थसाहाय्याच्या वाटा

दहावीचा निकाल लागला, की खेड्यातील गरीब कुटुंबासमोर खर्चाचा प्रश्न उभा राहतो. प्रवेश मिळालेला असतो, गुणही चांगले असतात. परंतु शुल्क, खोलीभाडे आणि खानावळ यांचा हिशेब जुळत नाही. अशा वेळी उपलब्ध साहाय्याची माहिती वेळेवर न मिळाल्यास होतकरू विद्यार्थ्याचे शिक्षण तेथेच थांबते.

गरिबाच्या मुलासाठी शिक्षणाचे दार उघडण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांना आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढून श्रमातून शिक्षणाचा मार्ग दाखविला. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी ई.बी.सी. सवलत सुरू झाली.

आजच्या साहाय्याचे चार प्रकार ध्यानात घ्यावेत.

पहिला प्रकार शिष्यवृत्तीचा. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५० लाख रुपये असून, खर्चाचा ६० टक्के भार केंद्र व ४० टक्के राज्य उचलते. शुल्काची जी रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यावर येईल, ती त्याने महाविद्यालयात भरावयाची असते.

दुसरा प्रकार शुल्कसवलतीचा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांस शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेचा लाभ मिळतो. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील याच उत्पन्नगटातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काचा पूर्ण लाभ लागू झाला. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी याचा विचार अवश्य करावा.

तिसरा प्रकार निर्वाहाचा. शुल्क माफ झाले तरी पोटाचा प्रश्न उरतोच. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तर अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

चौथा प्रकार स्वकष्ट व कर्जाचा. अनेक विद्यापीठांत 'कमवा व शिका' योजना चालते. बँकेचे शैक्षणिक कर्ज हा पर्याय शेवटी घ्यावा. शिष्यवृत्ती परत करावयाची नसते. कर्ज व्याजासह फेडावे लागते, हा भेद घरातील सर्वांना आधीच समजावून सांगणे इष्ट.

पात्रता असूनही लाभ हुकतो, त्याची कारणे बहुधा साधी असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला उशिरा मिळतो. दाखल्यावरील नाव आधारपत्रावरील नावाशी जुळत नाही. बँक खाते आधारशी जोडलेले नसते. किंवा पहिल्या वर्षी लाभ मिळाला म्हणून दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावयाचा राहून जातो. महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज भरल्यानंतर तो महाविद्यालयाकडून व पुढे विभागाकडून मंजूर झाला की नाही, हेही पाहावे लागते. त्रुटीसाठी परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त न केल्यास वर्ष वाया जाते.

ही कामे निकालाची वाट न पाहता करता येण्यासारखी आहेत. शिक्षकांनी दहावीच्या वर्गातच नावे व जन्मतारखा तपासून घ्याव्यात. ग्रामपंचायत सदस्यांनी उन्हाळ्यातच गरजू कुटुंबांची यादी करून दाखल्यांचे अर्ज एकत्रित दाखल करावेत. महसूल अधिकाऱ्यांनी अशा अर्जांना प्रवेशाच्या मुदतीपूर्वी निकाली काढावे. योजनेसाठी तिजोरीतून निघालेला रुपया विद्यार्थ्याच्या हाती वेळेवर पडला, तरच तिचा हेतू सफल होतो. आणि तो तसा पडावा ही जबाबदारी या तिघांचीही आहे.