गोचिडाचं औषध

चि. मुक्ता हिस,


ग्रामीण रुग्णालयात रुजू झालीस, बरं वाटलं. पिकांवरच्या फवाऱ्यांबद्दल कॉलेजात भरपूर ऐकलं असशील. गोठ्यातल्या औषधांबद्दल फारसं कोणी सांगत नाही.

नातेवाईक म्हणतील, ‘गोचिडाचं औषध प्यायलाय.’ त्यावर भागत नाही. त्या नावाखाली डेल्टामेथ्रिन येतं, सायपरमेथ्रिन येतं आणि अमिट्राझही. कोणाला तरी गाडीवर पिटाळून बाटली मागव.

अमिट्राझ फसवं. पेशंट गुंगीत, बाहुल्या बारीक, नाडी मंद. लगेच कोणीतरी ‘ओपी’ (ऑर्गनोफॉस्फरस) म्हणतं आणि अ‍ॅट्रोपिनचे अँप्युल फुटायला लागतात. तू आधी छातीला स्टेथो लाव. ओपीत छाती भरलेली, तोंडाला फेस, अंग घामाने डबडबलेलं, पोटात गुरगुर. अमिट्राझमध्ये छाती बहुधा कोरडी, पोट शांत आणि मधुमेह नसतानाही साखर चढलेली. (नुसत्या साखरेवर विसंबू नकोस, ओपीतही ती वाढते.) अमिट्राझ कोलिनेस्टरेजच्या वाटेला जात नाही, क्लोनिडिनसारखं अल्फा-2 रिसेप्टर चेतवतं. म्हणून ओपीवरचं पाम निरुपयोगी, आणि अ‍ॅट्रोपिन नाडी फारच मंदावली, बीपी पडलं तरच. बाटली सापडली नाही आणि छाती भरलेली असली, तर मात्र ओपी धरूनच चाल.

अमिट्राझला उतारा नाही, पण घाबरू नकोस. श्वास सांभाळलास की बहुतेक जण एक-दोन दिवसांत शुद्धीवर येतात. कुशीवर झोपव, ऑक्सिजन लाव, कपडे काढून अंग पुसून घे आणि लगेच पांघरूण घाल, कारण अंग गार पडतं. गुंगी वाढली तर नळी घालायला वेळ लावू नकोस. जमत नसेल तर अंबू बॅग देत 108 ने पुढे पाठव. पोट धुण्याची घाई तर नकोच. या बाटल्यांत झायलीनसारखं द्रावक असतं, गुंगीतल्या माणसाच्या फुप्फुसात ते गेलं की दुखणं दुप्पट. नातेवाईक ‘पोट का धुतलं नाही’ म्हणून भांडतील. भांडू देत.

शुद्धीवर आल्यावर वॉर्डात कोणीतरी ‘पोरंबाळं दिसली नाहीत का?’ असं खडसावेल, त्याला तिथेच थांबव. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला तीव्र तणावाखालचा मानतं, आपणही मानावं. एमएलसी (मेडिको-लीगल केस) करशीलच. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय सोडू नकोस, आणि कार्डावर टेलि-मानसचा 14416 नंबर त्याच्या देखत लिहून दे.

तुझा,
काका