भरलेली गाडी बघा

पिकअप घ्यायची ठरली की माणूस पहिल्यांदा शोरूमला जातो आणि निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. गाडी धुतलेली, हौदा रिकामा, शेजारी गोड बोलणारा सेल्समन. हायवेला एक फेरी मारून आणतात आणि बुकिंगचा कागद पुढे येतो. रिकाम्या पिकअपची ती फेरी गाडीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. शिरोलीत माझे मशिन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचे, मशिनिंग करून पार्टीला पोचवायचे, हा रोजचा व्यवहार, त्यामुळे पिकअप दारात कायम असते. पाहुण्यांतले, शेजारच्या शेडमधले लोक गाडी घेताना मला सोबत नेतात. प्रत्येकाला मी एकच सांगतो: भरलेली गाडी बघा. तुमचा माल, तुमच्या वजनाचा, तुमच्या रस्त्यावर.

हे इतक्या आग्रहाने सांगतो ते आंबा घाटामुळे.

एक पिकअप आम्ही जुनी घेतली होती. एजंटाने कागद दाखवले, इंजिनाचा आवाज ऐकवला, रिकामी पळवून दाखवली. टायर बरे, चॅसीला गंज नाही. पहिले काही महिने ती शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एवढ्यातच फिरली आणि सपाट रस्त्यावर तिने कसलीच तक्रार केली नाही. मग रत्नागिरीकडचा माल निघाला. पासिंगच्या आतलेच वजन होते, मी स्वतः काट्याची पावती घेतली होती. ड्रायव्हरशेजारी मीच बसलो होतो. आंबा गाव मागे पडून उतार लागला तशी गाडी वेगळी वागायला लागली. ब्रेकवर पाय पडला की नाक खाली जायचे, पण मागचा भाग ढकलतच राहायचा. काही वळणांनंतर जळका वास सुटला आणि पेडल मऊ पडले. आमचा ड्रायव्हर मुरलेला. त्याने घाई न करता गिअर खाली उतरवले, गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढत गटाराच्या कडेला उभी केली. चाकांना दगड लावले. पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता, मागची चाके जेमतेम कोमट.

पुढची चाके तापलेली आणि मागची गार, यातच सगळे होते, पण ते कळले उद्यमनगरात. मिस्त्री गाडीखाली गेले आणि तिथूनच म्हणाले, "मालक, मागं पाटा वाढवलाय की कुणीतरी. आणि ह्यो दांडा हाय तसाच ठेवलाय."

तो दांडा काय, ते पिकअप घेणाऱ्या प्रत्येकाने वाकून एकदा बघावे. बऱ्याच पिकअपांना मागच्या ॲक्सलपासून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत जाणारा लहानसा लोखंडी दांडा असतो. हौद्यात माल पडला की पाटे दबतात, चॅसी खाली येते, दांडा सरकतो आणि व्हॉल्व्हला समजते की वजन वाढले. मग तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की उलटे: मागे दाब कमी, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाके लॉक होऊन शेपूट फिरेल. व्यवस्था साधी, पण चॅसी किती दबते यावर तिचा सगळा हिशेब. आधीच्या मालकाने जास्त माल भरता यावा म्हणून पाटा वाढवला. पाटे कडक झाले, माल भरला तरी चॅसी पुरती खाली येईना आणि व्हॉल्व्हच्या लेखी गाडी कायम अर्धी रिकामी. सगळे ओझे पुढच्या ब्रेकवर पडले. सपाटीला ते निभावले, आंब्याच्या उताराला नाही.

शोरूमची रिकामी फेरी, एजंटाची रिकामी फेरी, दोन्हींत हा दोष दिसणे शक्य नव्हते. म्हणून जुनी गाडी घेत असाल तर मागचे पाटे मोजा आणि कंपनीच्या पाट्यांच्या संख्येशी ताडून बघा. एखादा पाटा रंगाने, गंजाने वेगळा दिसतो का, नव्या बोल्टच्या खुणा आहेत का, ते पाहा. दांडा जागेवर आहे का, की तारेने बांधलाय, तेही बघा. नवी गाडी घेत असाल तर ओळखीच्या एखाद्याची तीच गाडी दिवसभर मागून घ्या, डिझेल तुमचे. त्यात तुमचा नेहमीचा माल भरा आणि तुमच्या नेहमीच्या चढाला, उताराला न्या. कात्यायनीचा चढ असेल, पन्हाळ्याचा असेल, गगनबावड्याच्या पुढे उतरणार असाल तर करूळ घाट. चढावर पहिल्या गिअरमध्ये थांबवून पुन्हा उचलून बघा. क्लच कुठे वास मारतो ते तिथेच समजते. उतरताना ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा आणि इंजिन किती आवरून धरते ते बघा. न्यूट्रलवर सोडून डिझेल वाचवणारे ड्रायव्हर अजून आहेत. त्यांच्या हाती नवी गाडी देऊ नका.

आता वजनाचा विषय. कोणत्याही पिकअपच्या जाहिरातीत टनेजचा आकडा ठळक असतो. खरा आकडा आरसीवरच्या दोन रकान्यांतून काढावा: एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचे वजन. उरेल त्यात ड्रायव्हर, त्याच्या शेजारचा हमाल, ताडपत्री, दोर, सगळेच येते. वर आपण बॉडी बिल्डरकडून हौद्याची उंची वाढवून घेतो, जाड पत्रा मारतो, फाळक्याला लोखंडी पट्ट्या लावतो. ते सारे वजन मालातून जाते. बॉडी झाली की गाडी रिकामी काट्यावर चढवा आणि ती पावती जपून ठेवा. १.७ टनाच्या पिकअपमध्ये ३० किलोचे गुळाचे रवे कागदावर ५६ बसतात. बॉडी आणि माणसे धरली की पन्नासच्या आसपास येतात. मार्केट यार्डात हा फरक आडत्याला चांगलाच समजतो, गाडी घेणाऱ्याला मात्र कुणी सांगत नाही. जास्त भरलेच तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजारांपासून सुरू होतो, वरच्या प्रत्येक टनाला २ हजार वेगळे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

माल कसला आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. आमचे कास्टिंग हौद्याचा तळसुद्धा भरत नाही तोवर टनेज संपते. ढोबळी मिरचीचे क्रेट ताडपत्रीच्या कमानीपर्यंत रचले तरी वजन निम्म्यावर. मला पाटे आणि ब्रेक बघायचे, मिरचीवाल्याने हौद्याची लांबी बघायची.

यावरूनच मोठ्या गाड्यांकडे येतो, कारण हल्ली तरुण पोरे त्याच दाखवतात. इसुझू व्ही-क्रॉस २०१६ पासून आपल्याकडे आहे, टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये आली. दोन्ही सव्वापाच मीटरहून लांब, डबल केबिन, फोर बाय फोर मिळणाऱ्या. हायलक्सचे इंजिन २.८ लिटरचे, दोनशे अश्वशक्तीच्या घरातले. अमेरिकेत खऱ्या अर्थाने मोठी म्हणतात ती फोर्ड एफ-१५० आरसे सोडून दोन मीटरपेक्षा रुंद असते. ती आपल्या गुजरीत शिरली तर बाहेर काढायला रस्ता बंद करावा लागेल. आपल्याकडे मोठी म्हणजे हायलक्स, आणि तीसुद्धा लक्ष्मीपुरीत बाजाराच्या दिवशी वळवून दाखवावी.

या गाड्या वाईट नाहीत, उलट फार चांगल्या आहेत. खाणीवर, धरणाच्या कामावर, राधानगरीच्या आत चिखलात चार माणसे आणि अवजारे घेऊन रोज जाणाऱ्या कंत्राटदाराला अशी गाडी शोभते आणि परवडतेही. केबिन सुरक्षित, एअरबॅग आहेत, लांबच्या प्रवासाला पाठ धरत नाही. पण माल वाहायला म्हणून ती घेणाऱ्याने हौद्याकडे बघावे. डबल केबिनने लांबी खाल्लेली असते. मागे उरतो पाच फुटांच्या आसपासचा हौदा, तर साध्या सिंगल केबिनच्या बोलेरो पिकअपला नऊ फुटांचा मिळतो. वजनाची क्षमताही मोठ्या गाडीची कमी, साध्या पिकअपच्या निम्म्याहून कितीतरी खाली. किमतीत मात्र एका मोठ्या गाडीत दोन-तीन साध्या येतात. गाडी जितकी दिसायला मोठी तितका माल जास्त, हा समज मनातून काढूनच शोरूममध्ये पाय ठेवावा.

डिझेलच्या नव्या गाड्यांत आणखी एक गोष्ट विचारायची राहते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि धुरातली काजळी अडवणारा फिल्टर एक्झॉस्टला बसला. तो साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, तापून पळावी लागते. राजारामपुरी ते शाहूपुरी अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या दिवसभर मारणाऱ्याचा फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. ज्याचे काम गावातच आहे त्याने सीएनजीची लहान मालवाहू गाडी बघावी; डिझेलची ताकद त्याला लागतच नाही.

कागदांत घाई करू नका. एकूण वजन ३ हजार किलोंच्या आत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्याच्या वर लागते. पिवळी पाटी म्हणजे पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. साध्या कारच्या लायसनवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले, त्यामुळे ड्रायव्हरच्या लायसनवरून क्लेम अडवण्याचा जुना वाद मिटला. सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. धंद्यात नोंदणी असेल तर मालवाहू गाडीवरच्या जीएसटीचे क्रेडिट मिळते. डबल केबिनच्या बाबतीत आरसीवर नेमका कोणता वर्ग पडणार, ते बुकिंगच्या आधी लिहून घ्या आणि तो कागद सीएला दाखवा.

एका बाबतीत मात्र मी हात जोडून सांगतो. जोतिबाच्या चैत्री यात्रेला, लग्नाच्या वऱ्हाडाला, भांगलणीच्या बायकांना शेतावर न्यायला आपल्याकडे पिकअपचा हौदा सर्रास वापरतात. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाड्याने बसवलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीच्या माथी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात सांगितले. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस यांना कायद्यात संरक्षण आहे, वऱ्हाडाला नाही. अपघात झाला तर जीव जातात ते जातातच, वर भरपाईचा बोजा गाडीमालकाच्या शेतीवर आणि घरावर येतो. माणसे न्यायचीच असतील तर सीट आणि बेल्ट असलेली डबल केबिन घ्या, आणि बेल्ट जितके तितकीच माणसे बसवा.

पुराचेही बोलले पाहिजे. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ हायवेवर आले आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली. तेव्हापासून गाडी किती पाण्यातून जाते, हे लोक आवर्जून विचारतात. हायलक्सला कंपनी ७०० मिलिमीटर सांगते. तो आकडा थांबलेल्या पाण्याचा, खाली कठीण तळ असलेल्या जागेचा. बंधाऱ्यावरून वाहणारे पाणी त्याच्या निम्मे असले तरी रिकामी पिकअप कडेला सरकवते, कारण तिच्या मागच्या चाकांवर वजनच नसते. आणि जुनी गाडी घेताना ती पुरात उभी होती का, ते सीटखालचा फोम, फ्यूजबॉक्सचे कनेक्टर आणि सीटबेल्ट पुरता बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपासा. वरून गाडी धुता येते, गुंडाळलेल्या पट्ट्यातला गाळ सहसा राहतो.

पन्हाळ्याकडच्या माझ्या आतेभावाचे पॉलिहाऊस आहे. त्याला मोठी डबल केबिन घ्यायची होती, पोरांचाही हट्ट होता. आम्ही शेजाऱ्याच्या एका डबल केबिनमध्ये आणि आमच्या पिकअपमध्ये त्याचेच क्रेट आळीपाळीने रचले. डबल केबिनमध्ये दोन थर झाले की पुढच्या थराला दोर लागत होता. आमच्या गाडीत त्याचा एका तोडणीचा सगळा माल मावला आणि फाळका बंद झाला. भरलेली गाडी घेऊन तो स्वतः पन्हाळ्यावरून खाली आला, वाघबिळात थांबला आणि चारही चाकांना हात लावून बघितला. सिंगल केबिन घेतली त्याने, पाटे कंपनीचे तसेच ठेवून.