पाढे तिरके वाचताना

दहावीत अंकगणिती श्रेढी येते ती एका ओळीत. पहिलं पद, सामान्य फरक, पदांची बेरीज, की धडा संपला. पण तिची पदं एकमेकांशी गुणून त्रिकोणात मांडली की ती बोलायला लागते. शिकवता शिकवता मला हा नाद लागला. त्यातून हाती आलं ते असं:

१. सुरुवात १, २, ३ पासूनच करावी. पहिलं पद शेवटच्याशी गुणायचं, दुसरं शेवटून दुसऱ्याशी. चार पदांची ओळ येते ४, ६, ६, ४. पाचाची ५, ८, ९, ८, ५. अशा ओळी एकाखाली एक लावल्या की त्रिकोण होतो. पाढ्यांचा तक्ता तिरका वाचला तरी हेच आकडे.

२. बेरीज कशाची होते आहे, ते आधी पाहावं. ४, ६, ६, ४ यांची बेरीज २०. त्यात १ चार वेळा आहे, २ तीन वेळा, ३ दोनदा, ४ एकदा. तेच १, १+२, १+२+३, १+२+३+४ असे लावले की १, ३, ६, १० हे त्रिकोणी थर एकावर एक बसतात. इसवी सन ४९९ च्या ‘आर्यभटीया’त या राशीला चितिघन म्हटलं आहे. नियम असा: पदसंख्येपासून एकेकाने वाढणाऱ्या तीन संख्या गुणा आणि सहाने भागा. ४×५×६ म्हणजे १२०, भागिले ६, उत्तर २०. श्रेढीतल्या गुणाकारांची बेरीज पुन्हा श्रेढीच्याच गुणाकारातून निघते! सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी हा नियम मुलांना सांगावा, असं माझं ठाम मत आहे.

३. ताळा फरकांनी करावा. २, ५, ८, ११, १४ ची ओळ २८, ५५, ६४, ५५, २८. लगतचे फरक २७, ९, उणे ९, उणे २७. त्यांचे फरक सगळे उणे १८, म्हणजे सामान्य फरक ३ च्या वर्गाची उणे दुप्पट. पहिलं पद कुठलंही घ्या, हे बदलत नाही.

४. विषम संख्यांचा त्रिकोण मात्र सवडीने मांडावा. ओळी अशा: १; ३, ३; ५, ९, ५; ७, १५, १५, ७; ९, २१, २५, २१, ९. कडा झाकून आतलं तेवढं पाहा: ९, १५, २१, २५, पुढे २७, ३५. आत येणारी प्रत्येक संख्या संयुक्त, आणि एकही विषम संयुक्त संख्या बाहेर राहत नाही. विषम मूळ संख्या फक्त कडेला भेटतात. १९३४ साली सुंदरम या भारतीय विद्यार्थ्याने मूळ संख्या चाळण्यासाठी तक्ता केला, त्याच्या मुळाशी हेच आहे. त्याची पहिली ओळ ४, ७, १०, १३. दुसरी ७, १२, १७, २२. प्रत्येक ओळ स्वतःच श्रेढी. कुठलीही संख्या दुप्पट करून एक मिळवा: १२ चे २५, १७ चे ३५, आपल्या त्रिकोणाच्या आतलेच. तक्त्यात नसलेल्या १, २, ३, ५, ६ ला तेच करा: ३, ५, ७, ११, १३. भागाकार न करता मूळ संख्या हातात येतात. फळ्यावर हे उलगडताना वर्ग शांत होतो, आणि त्यासाठी अख्खा तास द्यावा.

५. याच त्रिकोणाच्या ओळींची बेरीज १, ६, १९, ४४, ८५. १९ म्हणजे १४ आणि ५: चौरस पायाचे दोन मनोरे, एक सुलटा, एक उलटा. ४४ म्हणजे ३० आणि १४. पुढची ओळ ११, २७, ३५, ३५, २७, ११. बेरीज १४६, म्हणजे ९१ आणि ५५. असं का, ते मी सांगून टाकत नाही. मुलांना वेळ दिला की ती स्वतः शोधतात.