त आणि ट यांमधील अंतर : अर्भकाचा ध्वन्यवबोध आणि मातृभाषेचा संस्कार

१. वेदन आणि अवबोध

मानसशास्त्राच्या प्रवेशग्रंथांत ज्ञानेंद्रियांच्या विवेचनाचा आरंभ एका भेदापासून होतो. बाह्य उद्दीपकाचा इंद्रियावर जो परिणाम होतो व मज्जातंतूंच्या द्वारे जो मेंदूपर्यंत पोहोचतो, ते वेदन. आणि त्या सामग्रीतून 'हा अमुक पदार्थ' असा जो अर्थयुक्त बोध सिद्ध होतो, तो अवबोध. मराठीत या संज्ञांविषयी अद्याप एकवाक्यता नाही. काही लेखक पहिल्यास 'वेदन' व दुसऱ्यास 'संवेदन' म्हणतात, तर काही 'संवेदन' ही संज्ञा पहिल्यासाठीच राखून ठेवतात. हा घोटाळा टाळावा म्हणून प्रस्तुत लेखात 'वेदन' आणि 'अवबोध' ही जोडी स्वीकारली आहे.

भारतीय दर्शनांच्या अभ्यासकाला येथे निर्विकल्पक व सविकल्पक प्रत्यक्षाची आठवण होणे स्वाभाविक आहे. न्यायसूत्रांतील प्रत्यक्षाच्या लक्षणामध्ये वाचस्पतिमिश्रांनी हे दोन्ही प्रकार पाहिले. दिङ्नागाने मात्र कल्पनारहित ज्ञानालाच प्रत्यक्ष मानले. या दर्शनांचा प्रश्न ज्ञानाच्या प्रामाण्याचा आहे, मानसशास्त्राचा प्रश्न ज्ञानाच्या घडणीचा आहे. म्हणून दोहोंची सरमिसळ करणे योग्य नव्हे. तरीही इंद्रियाला मिळालेले आणि मनाने ओळखलेले यांत अंतर असते, ही जाणीव दोन्हीकडे समान आहे.

हे अंतर वयानुसार कसे बदलते? सामान्य समजूत अशी की बालकाची इंद्रिये अपुरी असतात आणि अनुभवाने त्यांची शक्ती वाढत जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. अवबोधाच्या विकासात काही भेद नव्याने स्पष्ट होतात, तसे काही भेद पुसटही होतात. याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण भाषाध्वनींचे असून त्यातील एक प्रसिद्ध प्रयोग आपल्या परिचयाच्या त आणि ट या वर्णांवरच उभा आहे.

२. जन्मापूर्वी आणि जन्मानंतर लगेच

गर्भावस्थेच्या अखेरच्या तिमाहीत श्रवणेंद्रिय कार्य करू लागलेले असते. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी दाखवून दिले की, जन्मून तीन दिवसही न झालेली अर्भके परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकण्यासाठी चोखण्याची लय बदलतात. यावरून अभिमन्यूच्या कथेला विज्ञानाचा आधार मिळाला असे समजणे मात्र चूक ठरेल. गर्भाशयाच्या आवरणांतून मुख्यतः मंद्र ध्वनी पोहोचतात; म्हणजे वाणीची लय व सूर पोहोचतात, शब्दार्थ नव्हे.

सुट्या वर्णांचे काय? त्यासाठी १९७१ सालचा पीटर आयमास व त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग मूलभूत मानला जातो. प आणि ब या वर्णांत ओठ उघडण्याचा क्षण आणि स्वरतंतू कंप पावू लागण्याचा क्षण यांमधील कालांतर भिन्न असते. हे कालांतर यंत्राने थोडे थोडे वाढवीत नेले, तरी इंग्रजी भाषिक श्रोत्याला क्रमाने होणारा बदल ऐकू येत नाही. एका सीमेपर्यंत एकच वर्ण ऐकू येतो आणि ती ओलांडताच एकदम दुसरा. आयमास यांनी एक व चार महिन्यांच्या अर्भकांना असे ध्वनी ऐकविले. एकच ध्वनी ऐकून कंटाळलेले अर्भक चोखणे मंद करते. ध्वनी नवा वाटला तर त्याचा वेग पुन्हा वाढतो. २० व ४० सहस्रांश सेकंद अशा, सीमेच्या दोन बाजूंच्या ध्वनींमध्ये अर्भकांनी भेद केला. तेवढेच अंतर असलेले पण सीमेच्या एकाच बाजूचे ध्वनी त्यांना भिन्न वाटले नाहीत. वेदनाची सामग्री वर्गांत विभागण्याची प्रवृत्ती बोलणे शिकण्याच्या फार आधी उपस्थित असते, असा याचा अर्थ होतो.

या कालांतराच्या अभ्यासाशी मराठीचा थेट संबंध आहे. १९६४ साली ली लिस्कर व आर्थर एब्रमसन यांनी अकरा भाषांतील स्पर्शवर्णांचे मापन प्रसिद्ध केले. त्यांत तमिळ, हिंदी आणि मराठी या भाषा होत्या. बहुतेक भाषांतील वर्णभेद या एकाच मापाने चांगले वेगळे करता आले. परंतु हिंदी आणि मराठीच्या ग, घ किंवा ब, भ या जोड्यांपाशी ते माप अपुरे पडले. सघोष महाप्राण वर्णांची ओळख पटण्यास केवळ कालांतर पुरत नाही, श्वासयुक्त घोषाचे वेगळे गमकही लागते. आपल्या वर्णमालेतील चौपदरी रचनेने एका व्यापक सिद्धांताची मर्यादा अशी दाखवून दिली.

३. पहिल्या वर्षातील बदल

आता मूळ प्रयोगाकडे वळू. कॅनडातील जॅनेट वर्कर, रिचर्ड टीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली हिंदीतील दोन वर्णभेद निवडले : दंत्य त आणि मूर्धन्य ट, तसेच थ आणि ध. इंग्रजीत यांपैकी कोणताही भेद अर्थभेदक नाही. श्रोत्यांचे तीन गट होते : हिंदी भाषिक प्रौढ, इंग्रजी भाषिक प्रौढ आणि इंग्रजी भाषिक घरांतील सहा ते आठ महिन्यांची अर्भके.

पद्धती साधी पण दक्षतेने आखलेली होती. मूल आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर बसते. ध्वनिक्षेपकातून एकच अक्षर पुनःपुन्हा येते. अक्षर बदलताच मुलाने त्या दिशेला मान वळविली, तर काळ्या पेटीत दिवा लागून एक हलते खेळणे दिसते. काही वेळाने मूल हे समजून घेते आणि बदल जाणवला की खेळण्याच्या अपेक्षेने मान वळविते. पालकाच्या नकळत झालेल्या हालचालीवरून मुलाला सूचना मिळू नये, म्हणून पालकाच्या कानांवर संगीत चालू ठेवलेले असते.

हिंदी भाषिक प्रौढांना हे भेद सहज कळले, यात नवल नाही. इंग्रजी भाषिक प्रौढांना ते कठीण गेले; त आणि ट यांचा भेद विशेष कठीण गेला. मात्र ज्यांनी हिंदीचा एक शब्दही ऐकला नव्हता, त्या अर्भकांनी जवळजवळ हिंदी प्रौढांच्या बरोबरीने दोन्ही भेद ओळखले.

हा फरक कोणत्या वयात पडतो, याचे उत्तर वर्कर व टीस यांनी १९८४ साली दिले. त आणि ट यांच्या जोडीला त्यांनी ब्रिटिश कोलंबियातील थॉम्पसन या मूलनिवासी भाषेतील एक भेदही घेतला. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना दोन्ही भेद कळत होते; आठ ते दहा महिन्यांच्या गटात ही संख्या घटली; दहा ते बारा महिन्यांच्या गटात अगदी थोडी मुले उरली. त्याच सुमाराच्या वयाची, हिंदी किंवा थॉम्पसन ऐकत वाढणारी जी थोडी मुले तपासली, त्यांना आपापल्या भाषेतील भेद उत्तम कळत होता. म्हणजे बदलाचे कारण केवळ वय नसून सभोवतालची भाषा हे होते. मूल पहिला शब्द उच्चारण्याच्या सुमारासच त्याचा कान मातृभाषेच्या मापाने बेतला गेलेला असतो.

याच काळात लाभही होत असतो. पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकन आणि जपानी अर्भकांची इंग्रजी र आणि ल यांबाबत तुलना केली. सहा ते आठ महिन्यांच्या वयात दोन्ही गट सारखे होते. दहा ते बारा महिन्यांच्या वयात अमेरिकन मुलांची क्षमता वाढलेली आणि जपानी मुलांची घटलेली आढळली. परक्या भेदाचे पुसट होणे आणि स्वकीय भेदाचे ठळक होणे या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत.

४. लोप की पुनर्रचना?

या निष्कर्षांवरून 'जे पहिल्या वर्षात गेले ते कायमचे गेले' असा अर्थ काढला जातो. तो पुराव्याशी जुळत नाही. त्याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले असे की प्रौढाचे वेदन शाबूत असते. दोन ध्वनींमधील अवकाश अर्ध्या सेकंदाइतका किंवा त्याहून कमी ठेवला, तर इंग्रजी भाषिक प्रौढही त आणि ट यांतील फरक काही प्रमाणात टिपू शकतो, असे वर्कर यांच्याच पुढील प्रयोगांत दिसून आले. अवकाश वाढला की स्मरणात ध्वनी राहत नाही, त्याचा वर्ग राहतो. आणि त्या श्रोत्यापाशी दोहोंसाठी एकच वर्ग असतो. कानाने दिलेले मन एका कप्प्यात ठेवते, म्हणून भेद 'ऐकू येत नाही'.

दुसरे कारण, सर्वच परके ध्वनी सारखे दुरावत नाहीत. कॅथरीन बेस्ट व सहकाऱ्यांनी १९८८ साली आफ्रिकेतील झुलू भाषेतील जीभ चटकावून काढलेले ध्वनी इंग्रजी भाषिकांना ऐकविले. प्रौढांना व मुलांना त्यांतील भेद कळत राहिले. हे ध्वनी इंग्रजीतील कोणत्याही वर्णासारखे नसल्यामुळे ते कोणत्याच कप्प्यात ओढले गेले नाहीत. गोंधळ होतो तो आपल्या वर्णाच्या जवळ असलेल्या परक्या वर्णाचा.

तिसरे कारण, आरंभीचा संस्कार टिकून राहतो. टीस व वर्कर यांना १९८४ साली असे आढळले की, बालपणाच्या आरंभी ज्यांच्या कानांवर हिंदी पडली होती आणि पुढे जिचा संबंध तुटला होता, अशा प्रौढांना हिंदी शिकू लागताच हे भेद इतरांपेक्षा सहज कळले.

हा संस्कार यंत्राने होतो का, याचाही शोध घेतला गेला आहे. २००३ सालच्या कूल यांच्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांशी चिनी भाषिक व्यक्ती बारा बैठकींत बोलल्या व खेळल्या. त्या मुलांना चिनी वर्णभेद कळू लागला. तेच बोलणे चित्रफितीवर दाखविले किंवा नुसते ऐकविले, तेव्हा परिणाम झाला नाही. ध्वनीचा वर्षाव पुरेसा नसतो. बोलणारे माणूस समोर असावे लागते.

५. भारतीय भाषांच्या संदर्भात

हे विवेचन भारतीय भाषांच्या अभ्यासकाला लागू करताना काही गोष्टी विशेष जाणवतात. ज्या भेदासाठी कॅनडातील संशोधकांना दोन खंड एकत्र आणावे लागले, त्याची संपूर्ण श्रेणी आपल्या देशातच आहे. असमिया लिपीत दंत्य व मूर्धन्य वर्ण वेगळे लिहिले जातात, परंतु उच्चारात दोन्ही एकाच दंतमूलीय स्थानी आले आहेत. मराठीत व हिंदीत त आणि ट हे दोन वर्ग आहेत. 'वात' आणि 'वाट' यांत केवळ तेवढाच फरक आहे. मल्याळममध्ये दंत्य, दंतमूलीय आणि मूर्धन्य असे तीन वर्ग अर्थभेदक आहेत. म्हणजे असमिया भाषिकाला मराठीपाशी जी अडचण यावी, तीच मराठी भाषिकाला मल्याळमपाशी यावी. आपला कान पूर्ण आणि दुसऱ्याचा अपूर्ण, असे कोणालाच म्हणता येणार नाही.

महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविणाऱ्याला ळ या वर्णाचा अनुभव नित्याचा आहे. गुजराती, राजस्थानी, ओडिआ व द्राविडी भाषांत मूर्धन्य ळ असल्याने त्या भाषिकांना 'वेल' आणि 'वेळ' वेगळे ऐकू येतात. प्रमाण हिंदी किंवा बंगाली भाषिकाला ते वेगळे उच्चारून दाखविले तरी पुष्कळदा एकच वाटतात. अधिक सूक्ष्म उदाहरण ज या वर्णाचे. विश्व या अर्थाचे 'जग' तालव्य आहे आणि 'जगणे' या क्रियापदाचे आज्ञार्थी 'जग' दंततालव्य आहे. लिपी येथे मदत करीत नाही. मराठी बालक हा भेद अक्षरओळखीच्या कितीतरी आधी केवळ कानाने आत्मसात करते.

अशा वेळी शिक्षक 'नीट ऐका' असे सांगून तोच शब्द मोठ्याने उच्चारतो. वरील पुराव्यावरून ही पद्धती का फसते ते कळते. विद्यार्थ्याच्या वेदनात उणीव नाही, त्यामुळे आवाज वाढवून उपयोग नाही. त्याच्या ठिकाणी दोन वर्ग निर्माण झाले पाहिजेत. त्यासाठी भेदक जोड्या अल्प अंतराने लागोपाठ ऐकविणे, जिभेचे स्थान दाखविणे आणि भेदावर अर्थ अवलंबून असेल अशा संभाषणात त्याला सहभागी करणे, हे मार्ग अधिक सयुक्तिक वाटतात. मुख्य म्हणजे अशा विद्यार्थ्याला निष्काळजी वा मंद समजणे अन्यायाचे आहे.

बहुभाषिक घरांविषयी आपण अधिक सावध राहिले पाहिजे. या क्षेत्रातील आरंभीचे प्रयोग मुख्यतः एकभाषिक घरांतील मुलांवर झाले. बार्सिलोना येथे स्पॅनिश आणि कॅटलान या दोन्ही भाषा ऐकणाऱ्या मुलांना कॅटलानमधील एक स्वरभेद चार महिन्यांच्या वयात कळला, आठ महिन्यांच्या वयात कळला नाही व बारा महिन्यांच्या वयात पुन्हा कळला, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. २०११ साली वेगळ्या पद्धतीने पाहता आठ महिन्यांच्या मुलांनाही तो कळत असल्याचे आढळले. पद्धतीनुसार निष्कर्ष बदलू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो म्हणून घरातील एक भाषा बंद करावी, या सल्ल्याला अशा संशोधनातून आधार मिळत नाही.

६. समारोप

अवबोधाचा विकास म्हणजे केवळ संचय नव्हे, निवडही आहे. अर्भकाला पुष्कळ भाषांचे वर्णभेद जाणवतात, पण त्यांतील एकाही भाषेचा अर्थ कळत नाही. वर्षअखेरीस त्याचा कान मर्यादित होतो आणि त्या मर्यादेतूनच मातृभाषेचे आकलन शक्य होते. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. परकी कविता ऐकताना तिचे अनुप्रास आणि नादभेद आपल्या भाषेच्या कप्प्यांतून गाळून येतात, आणि भाषा जितकी निकटची तितकी ही गाळणी जाणवत नाही. निकटच्या भाषांत ओळखीच्या भासणाऱ्या नादाविषयी म्हणूनच अधिक दक्षता हवी. काय ऐकू आले याबरोबर काय ऐकू आले नसेल, हा प्रश्नही अभ्यासकाने स्वतःस विचारावा. आणि त्या भाषेत वाढलेल्या व्यक्तीच्या तोंडून ती रचना पुन्हा एकदा ऐकावी.