हौसेचा व्यवहार : जुन्या मायक्रोकारच्या खरेदी-विक्रीतील धोके

काही महिन्यांपूर्वी आमच्या इंदूर येथील शाखेत एक सेवानिवृत्त प्राध्यापक मुदतीपूर्वी ठेव मोडण्याचा अर्ज घेऊन आले. ठेव सहा लाखांची होती आणि मुदत पूर्ण होण्यास अवघे चार महिने उरले होते. अशा वेळी कारण विचारणे हा आमचा परिपाठ. बहुधा घरात आजारपण किंवा कार्य असते. प्राध्यापक मात्र किंचित संकोचून हसले आणि त्यांनी खिशातून एक छायाचित्र काढून टेबलावर ठेवले. अंड्याच्या आकाराची, समोरून फडताळासारखे दार उघडणारी एक चिमुकली मोटार त्यात होती. म्युनिक येथे नोकरीस असलेल्या त्यांच्या चिरंजीवांना ती विकत घ्यावयाची होती. "विकणारा ओळखीचा आहे, मुलाच्याच छंदमंडळातला. निम्मी रक्कम आठवडाभरात हवी, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक तयार आहे," ते म्हणाले.

"ओळखीचा आहे" हे शब्द बँकेत काम करणाऱ्याच्या कानाला थोडे निराळे लागतात. याच शब्दांवर भिस्त ठेवून जामीनपत्रावर सही केलेली कितीतरी माणसे आम्ही पाहिलेली असतात. प्राध्यापक महाशयांच्या निमित्ताने मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. हौसेच्या कोणत्याही वस्तूचा व्यवहार करणाऱ्यास तो उपयोगी पडेल, असे वाटल्याने येथे मांडीत आहे.

मायक्रोकार म्हणजे काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पैसा, पोलाद आणि पेट्रोल या तिन्हींची टंचाई होती. मोटारसायकलहून सुरक्षित पण मोटारीहून स्वस्त, अशा वाहनाची गरज होती. तीतून अगदी लहान इंजिनाच्या, दोन-तीन माणसांच्या मोटारी जन्मास आल्या. इटलीतील इसो कंपनीने १९५३ मध्ये 'इसेटा' सादर केली. तिचा परवाना घेऊन जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने १९५५ ते १९६२ या काळात १,६१,७२८ इसेटा बनविल्या. विमाने बनविणाऱ्या मेसरश्मिटने फ्रिट्झ फेंड यांच्या आराखड्यावरून, एकामागे एक बसावयाची 'केआर २००' काढली. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर १९६२ ते १९६५ या काळात 'पील पी ५०' तयार झाली. एकाच माणसाच्या या तीनचाकीची लांबी १३७ सेंटिमीटर होती आणि तिला मागे नेण्याचा गिअरच नव्हता. अशा सुमारे ५० गाड्याच बनल्या. १९५६ च्या सुएझ संकटातील पेट्रोलटंचाईने या वाहनांना तेजी दिली. पुढे सुबत्ता आली, फियाट ५०० आणि मिनी यांसारख्या खऱ्या लहान मोटारी आल्या आणि मायक्रोकारचा काळ संपला. गरिबीची म्हणून हिणवली गेलेली ही वाहने आज संग्राहकांच्या हौसेची झाली आहेत.

विश्वास आणि माहिती

जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक प्रसिद्ध लेख लिहिला. वस्तूचे गुणदोष विक्रेत्यास ठाऊक असतात, ग्राहकास नसतात. त्यामुळे चांगल्या मालालाही योग्य किंमत मिळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विषयावरील कार्याबद्दल २००१ मध्ये त्यांना, अन्य दोघांसमवेत, अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हौशी मंडळींच्या वर्तुळात या सिद्धांताला एक वेगळेच वळण मिळते. तेथे सारे एकमेकांस ओळखतात, सुटे भाग उसने देतात, एकमेकांच्या घरी जेवतात. म्हणून माहितीची जागा विश्वास घेतो. परंतु साठ-सत्तर वर्षे जुन्या वाहनाबाबत विक्रेत्यासही संपूर्ण माहिती नसते! त्याने ते दुसऱ्या हौशी माणसाकडून, तितक्याच विश्वासाने घेतलेले असते. अशा व्यवहारात नुकसान होते ते नेहमी लबाडीमुळेच होते असे नाही. पुष्कळदा प्रामाणिक माणसे एकमेकांना आपले अज्ञान विकत असतात. 'विश्वास पानिपतात गेला' असे आपण गमतीने म्हणतो. येथे विश्वास जागेवर असतो, माहितीच हरवलेली असते.

वस्तूची ओळख

पहिला धोका आहे तो वस्तूच्या ओळखीचा. मायक्रोकार लहान आणि साधी असल्याने तिचे भाग सहज अदलाबदल होतात. एका गाडीचा सांगाडा, दुसरीचे इंजिन, तिसरीची बॉडी असा संयोग दुर्मिळ नाही. बीएमडब्ल्यूची इसेटा प्रथम २४७ आणि नंतर २९८ घनसेंटिमीटर इंजिनासह मिळे. ब्रिटनमधील ब्रायटन येथे बनलेल्या इसेटांत तीनचाकी गाड्याही होत्या. म्हणजे 'इसेटा' एवढ्या एका शब्दाने काहीच निश्चित होत नाही. मेसरश्मिटची 'टायगर' ही चारचाकी गाडी केवळ काही शेकड्यांत बनली; तिच्या प्रतिकृतीही आढळतात. पील पी ५० तर २०१० नंतर नव्याने बनविली गेली आहे. प्रतिकृती घेण्यात गैर काहीच नाही. मात्र ती मूळ वस्तूच्या भावाने घेतली जाऊ नये.

म्हणून सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि कागदावरील क्रमांक हे तिन्ही स्वतः ताडून पाहावेत. रंग ताजा असेल तर त्याखाली काय आहे, हे विचारावे. तळाचा पत्रा गंजणे हा या गाड्यांचा जुना आजार आहे.

ताबा आणि मालकी

दुसरा धोका मालकीचा. ब्रिटनमधील वाहनाच्या नोंदणीपत्रावरच असा इशारा छापलेला असतो की, हा कागद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे; नोंदलेला 'ताबेदार' हा मालक असेलच असे नाही. जर्मनीत नोंदणी प्रमाणपत्राचा दुसरा भाग महत्त्वाचा मानला जातो. तो न पाहता जुनी मोटार घेणाऱ्यास आपण सद्भावनेने घेतली, असे सहसा म्हणता येत नाही. शिवाय चोरीची वस्तू तेथे सद्भावनेने घेऊनही आपली होत नाही.

आपल्याकडील १९३० च्या वस्तू-विक्री अधिनियमातील कलम २७ चे सूत्रही हेच आहे : जे स्वतःचे नाही, ते दुसऱ्यास देता येत नाही. तारण कर्ज देताना आम्ही मालकीची साखळी मागे तपासतो, ती याच कारणास्तव.

किंमत कोणती खरी?

तिसरा धोका मूल्यांकनाचा. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ब्रूस वायनर यांचे मायक्रोकार संग्रहालय होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याचा लिलाव झाला, तेव्हा एका पील पी ५० ला १,२०,७५० डॉलर, तर एका मेसरश्मिट टायगरला ३,२२,००० डॉलर मिळाले. २०१६ मध्ये अमेलिया आयलंड येथील लिलावात एका पी ५० ला १,७६,००० डॉलर किंमत आली. असे आकडे वाचले की आपल्या गोठ्यातील गंजलेली गाडीही सोन्याची वाटू लागते. परंतु या किमतीत लिलावगृहाचे शुल्क असते, नामवंत संग्रहाची प्रतिष्ठा असते आणि त्या सायंकाळी चुरशीने बोली लावणारी माणसे असतात. खरेदीदार मोजके असलेल्या बाजारात दोन माणसे उठून गेली तरी भाव कोसळतो. अशी वस्तू गुंतवणूक म्हणून नव्हे, तर आवड म्हणून घ्यावी. आणि वाहतूक, विमा, दुरुस्ती व सुटे भाग यांचा खर्च आधीच मांडावा. इसेटाचे अनेक भाग आजही नव्याने बनतात. पाच-पन्नासच बनलेल्या गाडीची एखादी काचसुद्धा घडवून घ्यावी लागते.

विक्रेत्यानेही सावध असावे

फसतो तो ग्राहकच, असे नव्हे. ठरल्यापेक्षा अधिक रकमेचा धनादेश पाठवून 'जास्तीची रक्कम वाहतूकदारास द्या' असे सांगण्याची युक्ती परदेशात जुनी आहे. धनादेश पुढे न वटता परत येतो आणि दिलेले पैसे बुडतात. रक्कम खात्यात निश्चितपणे जमा होईपर्यंत वस्तू वा कागद सोडू नयेत. तसेच ठाऊक असलेले दोष लेखी सांगावेत. जर्मनीत खासगी विक्रेता दोषांची जबाबदारी नाकारू शकतो. परंतु जाणूनबुजून लपविलेल्या दोषाबाबत त्यास हे संरक्षण मिळत नाही.

आपल्या देशात वाहन विकल्यावर नोंदणीतील नाव बदलून घेणे विक्रेत्याच्याच हिताचे आहे. अपघाताच्या वेळी नोंदणी ज्याच्या नावे असेल, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. जुन्या वाहनांसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी वा चारचाकीस 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये आणि नोंदणीची मुदत १० वर्षे. मात्र सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. आणि अशा वाहनाचा नित्य वा व्यापारी वापर करता येत नाही. वस्तूच्या ओळखीचा मुद्दा येथेही पुन्हा समोर येतो.

तात्पर्य

प्राध्यापकांना मी दोन गोष्टी सुचविल्या. खरोखर निकड असेल तर ठेव मोडण्याऐवजी तीवर कर्ज घ्यावे. आणि तत्पूर्वी चिरंजीवांनी सांगाड्यावरील क्रमांक व नोंदणीपत्र ही दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. "त्याला वाईट वाटेल हो," ते म्हणाले. तरी त्यांनी त्याच सायंकाळी दूरध्वनी केला.

आठवड्याने ते पुन्हा आले. क्रमांक जुळत नव्हते. सांगाडा एका गाडीचा आणि कागद दुसऱ्या गाडीचे होते. विकणारे गृहस्थ स्वतःच अवाक् झाले. बारा वर्षांपूर्वी त्यांनीही ती एका स्नेह्याकडून, न पाहताच घेतली होती. व्यवहार थांबला. पुढे ठेवीची मुदत यथाकाल पूर्ण झाली. गाडी अजून त्या गृहस्थांकडेच आहे आणि तिच्या खऱ्या कागदांचा शोध ते व प्राध्यापकांचे चिरंजीव मिळून घेत आहेत.

निम्मी रक्कम आधीच हातातून गेली असती, तर कदाचित हे दोघे आज एकमेकांशी बोलतही नसते. कागद मागणे हा अविश्वास नव्हे. ज्याच्याशी स्नेह टिकवावयाचा आहे, त्याच्याशी तर व्यवहार प्रथम कागदावर करावा.