जोत्याची उंची आधी मोजा

बेटेगावात पाऊस दणकून पडतो. पाणी आत शिरू नये म्हणून इमारतींचं जोतं उंच घेतात, आणि ते योग्यच आहे. पण जोतं जितकं वर जाईल तितका रॅम्प लांब लागतो, हा हिशेब फार थोडे करतात. उरलेल्या जागेत कोबा ओतून मोकळे होतात.

आमच्या इमारतीत तेच झालं. चढ दोन फुटांचा आणि रॅम्प जेमतेम आठ फूट, वर गुळगुळीत लादी. खुब्याच्या ऑपरेशननंतर आई व्हीलचेअरवर होती. भर पावसात दादा तिला दवाखान्यात न्यायला उतरवत होता. खुर्चीने त्यालाच ओढत नेलं, पुढची चाकं खालच्या गटाराच्या जाळीत अडकली आणि आई पुढे फेकली गेली. मनगट मोडलं. ते सांधलं, पण भीती गेली नाही. खाली चल म्हटलं की म्हणायची, "मला घरातच राहू दे गं."

म्हणून सांगते, गवंड्याला आधी लेव्हल नळीने जोत्याची उंची काढायला लावा. एक फूट चढाला किमान बारा फूट लांबी, म्हणजे आमच्याकडे चोवीस फूट हवी होती. सरळ जागा नसेल तर वळवून घ्या, मात्र वळणावर पाच फुटांची सपाट जागा सोडा. तशीच वर आणि खालीही. रुंदी चार फूट. दोन्ही बाजूंना अडीच आणि तीन फुटांवर कठड्याचे पाइप. लादी नकोच, ओल्या काँक्रीटवर आडवा झाडू फिरवून खरखरीत ठेवा. जाळीच्या फटी अर्ध्या इंचाहून रुंद नकोत आणि त्या चाकाच्या वाटेला आडव्या हव्यात.

"एका माणसासाठी पार्किंग का घालवायचं?" लांब रॅम्पचा विषय निघाला की हा प्रश्न सोसायटीच्या मीटिंगमध्ये येतोच. मला तो अजून बोचतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४४व्या कलमानुसार सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की हे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही. नवं घर घेणाऱ्यांनी ताबा घेण्याआधीच टेप घेऊन जावं.

रॅम्प सुधारेपर्यंत खुर्ची उलटी उतरवा: धरणारा खालच्या बाजूला, बसलेल्याची पाठ उताराकडे, आणि वरून आधाराला आणखी एक माणूस. ओल्या लादीवर मात्र तेही करू नका.